जाळीतला वेल

१

अकरावा भोपळा गेला तो बुधवार होता. सकाळी सात वाजता पाहणीवाले परसातल्या जाळीच्या आत, मांडवाखाली उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वर बघितलं. काल संध्याकाळी तिसऱ्या काठीजवळ लिंबाएवढा भोपळा लोंबत होता. आता तिथे बोटभर देठ होता आणि देठाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब.

ते मटकन खाली बसले. सात महिन्यांपूर्वी दवाखान्यात डॉक्टर बोलत असतानाही ते असेच बसले होते, पाठीमागे खुर्ची आहे की नाही हे न बघता.

बत्तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी जळालेल्या जागा पाहिल्या होत्या. दुकान असो, गोदाम असो, राखेत उकिडवं बसायचं आणि आग कुठून लागली ते सांगायचं. म्हणून गल्लीत सगळे त्यांना पाहणीवाले म्हणत. बालवाडीतली पोरं मात्र अलीकडे त्यांना कुंपणआजोबा म्हणायला लागली होती, आणि तेही तोंडावर.

भोपळ्याचं हे बी बायकोचं. मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिने जाताना चिंधीत बांधून सात बिया हातात ठेवल्या होत्या. एकतीस वर्षं बायकोने ते बी टिकवलं. दरवर्षी एक भोपळा वेलावरच पिकू द्यायचा, त्याचं बी डब्यात, बाकीचे भोपळे गल्लीभर वाटायचे. शेवटच्या वर्षी ती आजारी होती, बी धरायचं राहिलं. ती गेल्यावर पाहणीवाल्यांनी डबा उघडला तर जुन्या पाच बिया निघाल्या. पाचही लावल्या. दोन उगवल्या. एक रोप गोगलगायीने खाल्लं. उरला हा एक वेल.

मग त्यांनी बंदोबस्त केला. बायकोच्या वेळी परसाला होतं काय, तर गुडघाभर काटक्यांची वई आणि बालवाडीच्या बाजूला भिंतीत एक लहानसं फाटक. त्या फाटकातून रोज सकाळी पोरं आत यायची. "पोरांना आत घेतलं की बाहेरून दगड येत नाहीत," असं ती म्हणायची. पाहणीवाल्यांना हे कधी पटलं नव्हतं. त्यांनी फाटकावर फळ्या ठोकल्या. चारी बाजूंनी छातीएवढी तारेची जाळी बसवली, घुशी उकरतात म्हणून ती हातभर जमिनीत पुरली. वरून पाखरं आणि खारी येऊ नयेत म्हणून मांडवासकट सगळं बारीक जाळीने झाकून टाकलं. दुकानदाराने जाळी मोजून देताना छाती ठोकून सांगितलं होतं, "साहेब, यातून माशीसुद्धा आत जायची नाही." दाराला कुलूप. आणि रोज संध्याकाळी दारापासून वेलापर्यंत चाळलेली राख, कोण आलं गेलं ते कळावं म्हणून.

वेल मांडवभर पसरला. फुलं अशी आली की बघणाऱ्याने बघत राहावं. पहिले दोन भोपळे पिवळे पडून गळाले. तेव्हा सुनेने ताट वाढलं तरी पाहणीवाले दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्यापासून मात्र वेगळंच सुरू झालं. भोपळा गळेना, नाहीसाच होऊ लागला. एक गेला, दोन गेले, आणि आज अकरावा.

ते उठले. खिशातून भिंग काढलं, कामावरचंच. देठाचं टोक बघितलं. चोचीने टोचलं की रेषा उमटतात, दाताने तोडलं की धागे सुटतात. इथे काही नव्हतं. तिरपा, सरळ, एका फटक्यात झालेला काप.

उंदीर कात्री चालवत नाही, त्यांनी मनाशी म्हटलं.

वेलावर आता एकच कोवळा भोपळा राहिला होता. शेंड्याकडचा, सुपारीएवढा. त्याच्या टोकावरचं फूल आजच उमललं होतं, हाताएवढं, पिवळंधमक. त्याच्यापुढे वेल सुकायला लागला होता. म्हणजे बायकोचं बी टिकायचं तर या एकातून, नाहीतर नाही.

२

घराला लागून, भिंतीपलीकडे शिंपी राहत होता. त्याच्याकडे कात्री होती, शेळी होती आणि जीभही होती.

"या भाऊ," यंत्रावरचा पाय न थांबवता तो म्हणाला. "आज कुणाची पाहणी? माझी की शेळीची?"

"भोपळा गेला. अकरावा."

यंत्र थांबलं. "अरेरे. पण शेळीवर घेऊ नका. तिला कुलूप उघडता आलं असतं तर बाहेरची कामं मी तिलाच नसती का सांगितली?"

"शेळीने नाही. कात्रीने कापलाय."

शिंप्याने त्यांच्याकडे बघितलं, मग समोरच्या मोठ्या कात्रीकडे. ती उचलून त्याने मूठ पुढे करून त्यांच्या हातात दिली. "घ्या, बघा. ही मी कागदालासुद्धा लावत नाही, ओल्या देठाला लावेन? धार जाते. बायकोने एकदा हिने दुधाची पिशवी कापली, तर चार दिवस बोलणं बंद होतं आमचं."

पाहणीवाल्यांनी भिंग लावलं. पात्यावर तेल होतं, कापसाचे तंतू होते. हिरवा डाग नव्हता. शिवाय ही पाती लांब आणि जाड. देठावरचा काप आखूड, पातळ पात्याचा होता.

"बी हवं होतं तुम्हाला, हे खरं ना?" त्यांनी विचारलं.

"हवं होतं कशाला, मिळालं होतं! काकूंनी दोनदा दिलं मला. लावलं. वेल छपरावर गेला, फुलं ही एवढी. भोपळा एक नाही. काकूंना म्हटलं, तुमच्या बियाला फक्त तुमचंच घर चालतं काय? तर म्हणाल्या, सकाळचा वेळ द्यावा लागतो त्याला. आता सकाळी मी गिऱ्हाइकाला वेळ देऊ की भोपळ्याला?"

"उरलेल्या बिया?"

शिंपी ओशाळला. "बायकोने भाजून खाल्ल्या."

पाहणीवाल्यांनी भिंग खिशात ठेवलं. सुईत दोरा ओवत शिंपी खालच्या आवाजात म्हणाला, "हल्ली परसात काही धड येतच नाही भाऊ. ती डासांच्या धुराची गाडी दर आठवड्याला फिरायला लागल्यापासून डास आहेत तसेच आहेत, पण फुलपाखरू औषधालासुद्धा दिसत नाही." मग त्याने दोरा तोडला. "एक सांगू? रागवू नका. कुलूप तुमचं, जाळी तुमची, राख तुमची. कुंपणानेच शेत खाल्लं नाही ना, ते आधी बघा."

पाहणीवाले रागावलेच. ते उठून थेट फळ्या ठोकलेल्या फाटकाच्या पलीकडे, बालवाडीत गेले.

३

साडेआठ वाजले होते. दोन खोल्या, एक ओटा, वीस-बावीस पोरं. बालवाडीच्या बाई एकाचं नाक पुसत होत्या आणि दुसऱ्याला डोळ्यांनी दटावत होत्या.

"कुंपणआजोबा आले!" कुणीतरी ओरडलं, आणि चारजण टेबलाखाली गेले.

"बाई, स्पष्टच विचारतो," पाहणीवाले म्हणाले. "तुमच्याकडे कात्र्या आहेत?"

बाईंनी फळीवरून डबा काढून पुढे ठेवला. कागदकामाच्या कात्र्या, गोल टोकाच्या, बोथट. पाहणीवाल्यांनी एक उचलून आपल्या रुमालाच्या काठावर चालवून बघितली. रुमाल नुसता दुमडला.

"आमची पोरं तुमच्याकडे येत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण काहीतरी होतं. "तुम्ही फळ्या ठोकल्यात तेव्हापासून एकही नाही. पहिले आठ दिवस फाटकाशी जाऊन उभी राहायची. मग मीच सांगितलं, काकू नाहीत आता, तिकडे जायचं नाही."

"माझा संशय नाही त्यांच्यावर. पण लहान पोरं आहेत, वेलाची ओढाताण—"

"ओढाताण?" बाई काही बोलणार होत्या, पण नाक पुसलेला मुलगा पुन्हा रडायला लागला.

तेवढ्यात पाहणीवाल्यांचा सदरा कुणीतरी खालून ओढला. पाच वर्षांची एक मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेले. चिवचिव कधी थांबत नाही म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

"आजोबा, तुमच्या वेलाला फुलं आली?"

"आली."

"आज पण आलंय? खाली गोळा असलेलं?"

"आलंय. आता मोठ्यांचं बोलणं चाललंय, बाळ."

"मग आता फुलांना कोण फिरवतं?"

"कुणी कशाला फिरवेल? फुलं काय फिरायला जातात?"

ती खुदकन हसली. "नाही हो, ती जात नाहीत ना, म्हणूनच तर—"

"हात लावायचा नाही फुलांना," पाहणीवाले म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "कुणीही नाही. समजलं?"

चिमणीने सदरा सोडला. तिचा खालचा ओठ बाहेर आला, पण ती रडली नाही. बाईंनी तिला जवळ ओढलं.

बाहेर आल्यावर पाहणीवाल्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण ते परत आत गेले नाहीत. पावणेनऊ झाले होते. ते घरी जाऊन जाळीबाहेर खुर्ची टाकून बसले आणि शेवटच्या भोपळ्यावर पहारा द्यायला लागले. साडेदहाच्या सुमाराला टोकावरचं फूल हळूहळू मिटलं. ते त्यांनी डोळ्यांसमोर मिटताना बघितलं.

४

गुरुवार नुसता बसून गेला. भोपळा जागेवर होता, संध्याकाळच्या उजेडात जरा फिकट वाटला, पण त्या वेळी सगळंच फिकट वाटतं. राख पसरताना पाहणीवाल्यांच्या मनात शिंप्याचं बोलणं कुसळासारखं रुतून बसलं होतं.

जळालेल्या गोदामात शिरलं की ते पहिला प्रश्न एकच विचारायचे. किल्ल्या कुणाकुणाकडे होत्या? मालक चिडायचे, रडायचे, देवाशपथ सांगायचे. पाहणीवाले ऐकून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, किल्ल्या कुणाकडे? बत्तीस वर्षं दुसऱ्यांना विचारलेला हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या घरात विचारला नव्हता.

एक किल्ली त्यांच्या कमरेला, करगोट्यात अडकवलेली. दुसरी त्यांनीच बायकोच्या जुडग्यात घातलेली, स्वयंपाकघरात खिळ्याला.

त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. रोज सकाळी राखेत चपलांचे ठसे असायचे. मागच्या दारातल्या चपला, त्यांच्याच. ते पाहून ते निर्धास्त व्हायचे, की बाहेरचं कुणी आलं नाही. पण ते आत पाऊल टाकायचे तेव्हा ठसे आधीच असायचे! आणि त्यांचा डावा पाय अधू होता, एका गोदामाचं छप्पर पडलं होतं तेव्हापासून. डाव्या टाचेचा ठसा खोल उमटायला हवा. ते ठसे दोन्ही पायांचे सारखे आणि हलके होते.

डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी त्यांनी त्या रात्री घेतली नाही. शुक्रवारी फटफटायच्या सुमाराला मागचं दार करकरलं. ते उठून खिडकीशी उभे राहिले.

कुलूप निघालं. जाळीच्या आत एक बाई शिरली, पायात त्यांच्या चपला, अंगावर दवाखान्याचे कपडे. तिने वर बघितलं, खिशातून पट्ट्या कापायची लहान कात्री काढली आणि हात उंच केला.

ती त्यांची सून होती.

ती दार लावून वळते तोच पाहणीवाले समोर उभे राहिले.

"दाखव," ते म्हणाले.

ती दचकली नाही. जणू कधीतरी हे होणार हे तिला ठाऊक होतं. ती परिचारिका होती, सकाळच्या पाळीला साडेसहाला निघायची. नवरा नोकरीसाठी दूर, वर्षातून दोनदा येणारा. या घरात सासऱ्यांना चहा करून देणारी ती एकटीच.

"बाबा, आधी माझं ऐका."

"बारावा होता तो. शेवटचा. तिचं शेवटचं जे काही राहिलं होतं ते तू कापत होतीस, आणि वर मला विचारत होतीस, बाबा, साखर पुरे का? चोर घरातच पोसला मी!"

ती हळू बोलली, रुग्णाशी बोलतात तशी. "पहिले दोन गळाले तेव्हा तुम्ही जेवण सोडलंत. झोपेच्या गोळ्या मी मोजते, बाबा. त्या आठवड्यात दोन जास्त गेल्या होत्या. तिसरा पिवळा पडायला लागला तसा तुम्ही उठायच्या आधी मी काढून टाकला. वाटलं, दिसलाच नाही तर... तर तुम्ही म्हणालात, चोरी झाली. तुम्ही चिडलात, भिंग काढलंत, दोन घास जास्त जेवलात. मग मी पुढचाही काढला."

"पिवळा? कुठला पिवळा?"

"सगळेच. फूल मिटलं की दोन-तीन दिवसांत पिवळा पडतो, टोकाकडून. एकसुद्धा धरला नाही."

"खोटं."

तिने खिशातून कापसाच्या पट्टीत गुंडाळलेला सुपारीएवढा भोपळा काढला, त्यांच्या हातावर ठेवला आणि चपला काढून आत गेली. थोड्या वेळाने पुढचं दार वाजलं. ती कामावर गेली होती. ओट्यावर चहा झाकून ठेवलेला होता.

५

चहाला हात न लावता पाहणीवाल्यांनी तो भोपळा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. भिंग घेतलं.

चोर सापडला होता, पण चोरी सापडत नव्हती. सून खरं बोलत होती, टोक पिवळं आणि मऊ होतं. एक गळाला तर वेल अशक्त म्हणता येईल. तेरा-चौदा ओळीने तसेच जातात तेव्हा कारण एकच असतं. त्यांनी भोपळा उभा चिरला. अळी नव्हती. भोक नव्हतं, सड नव्हती. आत बियांच्या जागी कागदासारखी पातळ, पोकळ सालं. बी धरायला सुरुवातच झाली नव्हती.

आग कशाने लागली हे शोधायची त्यांना सवय. इथे उलटं होतं. काहीतरी व्हायला हवं होतं आणि ते झालंच नव्हतं. काय, ते त्यांना सांगता येईना.

शिंप्याच्या छपरावरचा वेल आठवला, भरपूर फुलं आणि भोपळा एक नाही. सकाळचा वेळ द्यावा लागतो त्याला. फुलपाखरू औषधालासुद्धा दिसत नाही. यातून माशीसुद्धा आत जायची नाही, साहेब.

आणि मग आठवलं, मग आता फुलांना कोण फिरवतं?

आठ वाजायच्या आधीच ते बालवाडीच्या ओट्यावर जाऊन बसले. चिमणी आली ती त्यांना बघून आईच्या मागे लपली. पाहणीवाले उकिडवे बसले, राखेत बसायचे तसे.

"परवा मी ओरडलो," ते म्हणाले. "तुझं बोलणं अर्धं राहिलं होतं. पुरं कर. फुलांना कोण फिरवायचं?"

चिमणीने आईच्या मागून डोकं बाहेर काढलं. मग कीव आल्यासारखं म्हणाली, "आम्ही! आणखी कोण?"

"कसं?"

"नुसतं फूल असतं ना, ज्याच्याखाली गोळा नसतो, ते तोडायचं. काकू तोडून द्यायच्या. त्याच्या आत पिवळी पावडर असते. मग ते आईफुलाकडे न्यायचं. आईफूल म्हणजे खाली बाळ असलेलं. तिला बाळ सोडून कुठे जाता येत नाही ना? म्हणून आपणच न्यायचं. मग आत असं असं लावायचं, हळू. ज्याने लावली त्याचा तो भोपळा. माझे तीन झाले होते."

बाई दारात उभ्या होत्या. "रोज सव्वाआठला," त्या म्हणाल्या. "धुराची गाडी सुरू झाली त्या वर्षापासून. मधमाश्या गेल्या, तर काकू म्हणाल्या, माझ्याकडे बावीस माश्या आहेत. पोरंही मग वेलाला जपायची. आपलाच भोपळा कोण तुडवेल? मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आता स्वतः करत असाल."

पाहणीवाल्यांना माहीत नव्हतं. सव्वाआठला ते पुढच्या खोलीत पेपर वाचत. मागून पोरांचा गलका ऐकू यायचा. एकदा त्यांनी ओरडून विचारलंही होतं, काय दंगा चाललाय? बायको म्हणाली होती, या ना बघायला. ते गेले नव्हते. पुढेही किती वेळा तिने बोलावलं असेल, ते आता त्यांना आठवेना.

"आणि ते फूल," त्यांनी विचारलं, "मिटलं की मग?"

"मग नाही," चिमणी म्हणाली. "दहा वाजेपर्यंतच. परवाचं कुणी केलं?"

परवा पावणेनऊला ते इथून उठून गेले होते. शेवटचं आईफूल साडेदहापर्यंत उघडं होतं. ते त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर होतं, आणि भोवती नुसती फुलं किती होती त्याची गणती नव्हती.

"कुणीच नाही," ते म्हणाले.

६

त्याच दिवशी त्यांनी फाटकाच्या फळ्या काढल्या. फाटकासमोरची तारेची जाळी उपटली, वरची जाळी चाकूने कापून खाली ओढली. पोरं एकामागून एक आत आली, वाकून, पाय उचलून, वाफ्याच्या कडेकडेने. कुणी काही तुडवलं नाही. इतकी वर्षं ते ज्यांना धाड म्हणत होते ती पोरं दगडांवर पाय ठेवून चालत होती, कारण दगड बायकोने त्यासाठीच मांडले होते.

चिमणीने मांडवाखाली उभं राहून सगळीकडे बघितलं. पाहणीवाल्यांनी तिला उचलून घेतलं, मग तिने पुन्हा बघितलं. तिने पानं बाजूला सारली, शेंडा हातात धरला.

"आईफूल नाहीये," ती म्हणाली.

पोरं पंधरा दिवस येत राहिली. रोज नुसती फुलं मिळाली. मग पानांवर पांढरी बुरशी चढली, शेंडे वाळले, आणि एका सकाळी फुलंही आली नाहीत. बाईंनी पोरांना सांगितलं, वेल म्हातारा झाला. चिमणीने विचारलं, दुसरा कधी लावणार? पाहणीवाले गल्लीभर फिरले. ज्यांना ज्यांना बायकोने भोपळे दिले होते त्या प्रत्येकाच्या दारात गेले. सगळ्यांनी आत बोलावलं, तिच्या आठवणी काढल्या. बी कुणी ठेवलं नव्हतं. भोपळा दरवर्षी मिळतच होता, बी कशाला ठेवायचं?

शिंप्याला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. शिंपी ऐकत राहिला. नेहमीसारखा काहीतरी टोमणा मारेल म्हणून पाहणीवाले थांबले, पण त्याने यंत्रावरचा कपडा बाजूला केला आणि म्हणाला, "त्या बिया भाजायला नको होत्या, भाऊ."

"तुमची चूक नाही."

"मग कुणाची?"

"माझी. माझ्याशिवाय कुणाची नाही."

शिंप्याला हे सांगणं त्यांना सोपं गेलं. बाईंना सांगणंही सोपं गेलं.

सून अजून साडेसहाला निघते. चहा झाकून ठेवते, गोळ्यांची डबी मोजून जागेवर ठेवते. साखर पुरे का, असं आता विचारत नाही. त्या शुक्रवारपासून ती गरजेपुरतंच बोलते. बायकोचं जुडगं तिने खिळ्यावरून काढून पाहणीवाल्यांच्या टेबलावर आणून ठेवलं, तेव्हाही काही बोलली नाही. तिला अजून वाटतं की तिने लपवलं म्हणून कारण सापडायला उशीर झाला. आपण पिवळे भोपळे वेलावर राहू दिले असते तर कुणीतरी बघून वेळेत सांगितलं असतं, आणि सासूबाईंचं बी वाचलं असतं. हे ती फोनवर नवऱ्याला सांगत होती आणि रडत होती. पाहणीवाल्यांनी ते दाराआडून ऐकलं.

ते तीनदा तिच्या खोलीपर्यंत गेले आहेत. तिला सांगायचं आहे की बी तिच्यामुळे गेलं नाही, फाटकावर फळ्या ठोकल्या, जाळी लावली त्या दिवशीच गेलं होतं. सांगायचं आहे की तो राग होता म्हणून ते जेवले, आणि ते तिला समजलं होतं, त्यांना नाही. चोर म्हटलं त्याची माफी मागायची आहे.

अजून मागितलेली नाही.